दौंडच्या गार्डसाहेबांशी एकतिसावा डाव

तुम्ही दोघं दिवाळीत इथे होतात तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावरच्या पटाला हात लावू नका, असं मी तुम्हाला रोज सांगत होते. पट मांडलेला, निम्म्या सोंगट्या मारलेल्या, आणि समोरची खुर्ची कायम रिकामी. धाकटीने विचारलं होतं, "आजी, तू खेळतेस तरी कोणाशी?" मी म्हटलं, "दौंडशी." तुम्ही हसलात आणि विषय संपला. आता नीट उत्तर लिहिते. कारण तुम्ही परत गेल्यावर या पटावर जे घडलं त्यात तुमच्या एका भेटवस्तूचाही वाटा आहे, आणि अशा गोष्टी व्हिडिओ कॉलवर अर्धवटच सांगून होतात.

दौंड म्हणजे दौंडचे गार्डसाहेब. मालगाडीचे गार्ड म्हणून त्यांनी नोकरी केली. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण सारं दौंड त्यांना अजून गार्डसाहेबच म्हणतं, आणि मीही. ते मला बाई म्हणतात. मी शिरूरच्या शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे मला या गावात दुसरं काही कोणी म्हणतच नाही. आमची ओळख टपालाने झाली. वर्तमानपत्रात टपाली बुद्धिबळाच्या स्पर्धेची दोन ओळींची सूचना होती, मी नाव नोंदवलं. खेळाडूंची यादी आली, तर एक कलकत्त्याचे, एक कोचीनचे, आणि एक दौंडचे. पन्नास-साठ किलोमीटरवरचा माणूस सापडायला असं देशभर फिरून यावं लागलं. स्पर्धा संपली, बाकीचे पांगले, आम्ही दोघं खेळत राहिलो. तीस डाव पुरे झाले. त्यातले एकोणीस मी जिंकले, सहा त्यांनी, पाच बरोबरीत सुटले. हे आकडे मी सहज सांगते, कारण ते मला आवडतात.

खेळायची रीत अशी. एका पोस्टकार्डावर एक चाल. पटाच्या उभ्या रांगांना एक ते आठ, आडव्या रांगांना एक ते आठ. चाल म्हणजे चार आकडे: सोंगटी निघाली ते घर आणि पोचली ते घर. खाली तीन तारखा: तुमचं कार्ड मिळालं ती, मी उत्तर लिहिलं ती, टाकलं ती. शिरूरहून दौंडला कार्ड चार-पाच दिवस घेतं, त्यामुळे एक डाव वर्ष-दीड वर्ष चालतो. सुरुवातीच्या काळात आमच्या पोस्टातले एक कारकून मला खिडकीशी थांबवून हळूच म्हणाले होते, "बाई, रागावू नका, पण हे ५२५४, ४७४५... आकडा लावता का तुम्ही?"

"लावते," मी म्हटलं. "दौंडला."

"लागतो?"

"तिनातले दोन."

त्यांनी माझ्याकडे वेगळ्याच आदराने पाहिलं. खरं काय ते मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, पण मटक्याच्या मानाने ते त्यांना फिकंच वाटलं असावं.

माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात या खेळावरची अकरा पुस्तकं आहेत, सगळी इंग्रजी. काही इतिहासाची, काही सरावाची. इतिहासाची मी गोष्टींसाठी वाचते. घोड्यांच्या टपालगाडीच्या काळात दोन शहरांनी आपापली मंडळी बसवून एकमेकांशी वर्षानुवर्षं डाव खेळले, ही हकीकत त्यांत आहे. युद्धाच्या दिवसांत पत्रं तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना हे चार आकडे म्हणजे हेरांची सांकेतिक भाषा वाटली आणि त्यांनी कार्डं अडवली, हेही आहे. ते वाचताना मला आमचे पोस्टातले कारकून आठवले. एका पुस्तकात तर एक सबंध प्रकरण नुसत्या चुकांचं आहे: घरी पट चुकीचा मांडून महिनाभर त्याच्यावर डोकं फोडणारे, एकाची चाल दुसऱ्याच्या पाकिटात घालणारे.

टपाली डावात पुस्तकं उघडायला पूर्वीपासून परवानगी आहे. समोरासमोरच्या खेळात ती चोरी ठरेल, इथे तो अभ्यास. दुसऱ्या माणसाला मात्र विचारायचं नाही. कॉम्प्युटर आल्यावर पंचाईत झाली. आज मोठ्या आंतरराष्ट्रीय टपाली स्पर्धांत यंत्राची मदत उघड उघड घेतात, कारण कोणाला अडवणार? गार्डसाहेबांनी मात्र तेव्हाच एका कार्डावर चालीखाली लिहिलं होतं, "आपल्यात मशीन न्हाई. कबूल?" मी पुढच्या कार्डावर लिहिलं, "कबूल." आमचा करार एवढाच.

आता त्या अकरा पुस्तकांतल्या एका पुस्तकाबद्दल. ते जाडजूड आहे, कव्हर गेलेलं, पुण्याच्या फुटपाथवर मिळालेलं. टपाली डाव कसा खेळावा याचं ते पाठ्यपुस्तक. मी ते दोन संध्याकाळींत वाचून काढलं आणि ठेवून दिलं. वही ठेवा, घाई करू नका, शिस्त पाळा, असं सगळं. शिस्त मला कोण शिकवणार, असं मला वाटलं. एकोणतिसावा डाव संपल्यावर गार्डसाहेब नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला शिरूरला आले होते. कपाटासमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यातलं येखादं वाचाया द्या की."

मी ते जाड पुस्तक काढलं आणि विचारलं, "इंग्रजी आहे. जमेल?"

"रेल्वेचं रूलबुक इंग्रजीच हुतं, बाई," ते म्हणाले. "ते न वाचता गाडी सोडली असती तर आज हितं नसतो."

मी तो प्रश्न विचारायला नको होता. पण विचारला, आणि वर त्यांना एक डिक्शनरीही दिली.

एकतिसावा डाव सुरू झाला तो नेहमीसारखा. मी पांढरी घेऊन खेळत होते. पंधराव्या चालीपर्यंत मला गार्डसाहेब ओळखू येत होते: घोडे लवकर बाहेर काढायचे, वजीर घाईने पुढे आणायचा, मग तो परत न्यायचा. सोळाव्या चालीपासून ते ओळखू येईनात. एका कार्डावर त्यांनी राजा नुसता एक घर कोपऱ्यात सरकवला. काही धोका नसताना. मी हसले. तीन चालींनंतर कळलं की तो राजा तिथे नसता तर मी त्यांचा हत्ती मारला असता. पुढच्या कार्डावर प्यादं एक घर पुढे, आणि माझा उंट आठ दिवसांत निकामी. प्रत्येक कार्ड असं येऊ लागलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. घरोघरी फोन आहेत. फोनवर यंत्र आहे. त्यांच्या घरात तरुण माणसं आहेत.

तीस डाव ज्यांच्याबरोबर खेळले त्या माणसाने फसवलं असेल, तर मागचे डावही गेले, पुढचेही गेले. गावात मला ओळखणारे पुष्कळ आहेत, पण ज्याच्या डोक्यात काय चाललंय याचा मी वर्षानुवर्षं रोज विचार केला असा माणूस तो एकच. हे मी तुमच्या आजोबांबद्दलही म्हणू शकत नाही. ते काय विचार करतात ते तेच दिवसातून चार वेळा सांगायचे.

एका दुपारी मी तुम्ही दिलेला टॅब काढला. त्यावर थोरल्याने बुद्धिबळाचं ॲप घालून दिलं होतं, "आजी, तुला एकटीला कंटाळा आला तर." मी डाव पहिल्यापासून भरला. माझा हेतू सरळ होता: त्यांच्या शेवटच्या सहा चाली तपासायच्या, बाकी काही पाहायचं नाही. सहांपैकी पाच चाली यंत्राच्या पहिल्या पसंतीच्या निघाल्या. सहावी, म्हणजे एकविसावी चाल, यंत्राला आवडली नव्हती, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. पाच पुरेशा होत्या. आणि मी टॅब मिटणार, तेवढ्यात पटावर एक हिरवा बाण उमटला. मी विचारलं नव्हतं. तो माझ्याच पुढच्या चालीचा बाण होता: माझा हत्ती सरळ जाऊन त्यांच्या राजासमोरचं प्यादं मारतो, स्वतः मरतो, आणि चार चालींत त्यांच्या वजिराला उभं राहायला जागा उरत नाही. डाव माझा.

मी टॅब उशीखाली ठेवला. जणू काही तो बोलणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने निघाले. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथे गाडी बदलायची, मग वरवंड, पाटस, दौंड. वाटेत मी एकच वाक्य घोटत होते, त्यातले कठोर शब्द काढत होते, आणि काढून उरलेलं परत कठोरच होत होतं.

त्यांचं घर रुळांच्या पलीकडच्या वस्तीत, विहाराच्या मागच्या गल्लीत आहे. विहारात ते रविवारी मुलांना बुद्धिबळ शिकवतात, हे मला कार्डांवरून माहीत होतं. मला दारात पाहून ते उठून उभे राहिले. पुढच्या खोलीत स्टुलावर पट होता, आणि त्यावर आमचाच डाव, पण उलटा. तोच डाव मी इतके महिने पाहत होते, तरी काळ्यांच्या बाजूने कधी पाहिला नव्हता. त्यांच्या सुनेने पाणी दिलं, मग चहा. "साखर चालती का, बाई?" तिने विचारलं. मी म्हटलं, चालते. आणि कप हातात घेऊन घोटलेलं वाक्य म्हटलं:

"गार्डसाहेब, स्पष्ट विचारते. या डावात तुम्ही फोनची मदत घेता का?"

सून आधी हसली. "फोनची? बाई, फोन वाजला तर हिरवं दाबू का तांबडं, म्हणून हे मला हाका मारत्यात. परवा मी नळावर हुते, तर तसाच वाजू दिला. म्हणाले, कटाळंल आन् गप बसंल."

गार्डसाहेब हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली. "तुमाला असं का वाटलं?"

"तुमच्या चालींवरून. शेवटच्या सहांपैकी पाच चाली यंत्राशी तंतोतंत जुळतात."

"सहातल्या पाच."

"हो."

"जुळवल्या कुणी?"

मी आयुष्यभर मुलांना याच पद्धतीने पकडत आले. कॉपी कोणाची कोणी केली हे विचारायचं नाही, दोघांची उत्तरं सारखी आहेत हे तुला कसं कळलं, एवढंच विचारायचं. आता माझ्यावरच ते आलं होतं.

"मी," मी म्हटलं. "मी जुळवल्या. काल दुपारी."

सुनेने एकदा माझ्याकडे, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. "म्हंजी मशीन बाईंनीच बघितलं व्हय?"

"तू जरा दूध बघ," ते तिला म्हणाले. ती आत गेली, पण दूध काही उतू जात नव्हतं. ती दाराआडच उभी होती.

गार्डसाहेब उठले आणि कपाटातून तीन लांब वह्या आणि माझं जाड पुस्तक घेऊन आले. पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं होतं. आत प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीने मराठी शब्द होते, बारीक, नीट ओळीत. "चवदा म्हैने लागले," ते म्हणाले. "रोज पान-दीड पान." मग वही उघडली. मालगाडीच्या गार्डला प्रवासाची नोंद ठेवावी लागते: कोणतं स्टेशन, किती वाजता, किती थांबलो, का थांबलो. त्यांनी डावाची वही तशीच आखली होती. एक रकाना चालीचा, एक 'बाईंनी असं केलं तर', एक 'मग मी', आणि शेवटचा 'का'.

"पुस्तकात म्हणतंय," ते बोटाने ओळ दाखवत म्हणाले, "चाल ठरली की लगेच धाडायची न्हाई. लिवून ठिवायची. येक रात जाऊ द्यायची. सकाळी पट फिरवून समोरच्याच्या जागी बसायचं आन् सवताला हरवून बघायचं. हरवता आलं तर चाल बाद."

"वाचलंय मी ते," मी म्हटलं.

"मग तुमी करत आसालच."

मी वहीचं पान उलटलं.

"न्हाई करत?" त्यांना खरोखर नवल वाटलं. "मला वाटलं तुमी कवापासनं ह्याच रीतीनं खेळताय. म्हणून तर मी हरतोय, म्हणलं."

त्यांनी सहज म्हटलं ते. पण आजवर मला कोणी इतकं नेमकं बोललेलं नाही. एकोणीस डाव मी कशाच्या जोरावर जिंकले होते? त्यांच्या घाईच्या. पुस्तक वाचल्यावर त्यांनी घाई सोडली, एवढंच घडलं होतं.

मी एकविसाव्या चालीचं पान काढलं. तिथे माझी तीन संभाव्य उत्तरं लिहिलेली होती, प्रत्येकाला त्यांचं प्रत्युत्तर, पाच-पाच चाली खोल. हत्ती मारून घेण्याची चाल त्यांत नव्हती. त्यांना ती दिसली नव्हती. म्हणूनच त्यांनी ती एकविसावी चाल केली होती, आणि म्हणूनच यंत्राला ती आवडली नव्हती. कोणतंही यंत्र ही चूक करत नाही. ते निर्दोष आहेत याचा पुरावा माझ्या टॅबवर कालच होता, मला तो वाचायचा नव्हता.

मी त्यांची माफी मागितली. नीट, पूर्ण वाक्यात. मग म्हटलं, "डाव मी सोडते."

"कशाला? बरुबरी करू."

"नाही. मशीनने मला पुढची चाल दाखवली. न विचारता."

"चांगली हाय?"

"फार."

"माजी वाट लागती?"

"लागते."

त्यांनी मान वळवून पटाकडे पाहिलं. "सांगू नका," ते म्हणाले.

"सांगणार नाही."

"येक इच्यारू, बाई? आधी कार्ड टाकून मलाच इच्यारलं असतं तर?"

"तुम्ही नाही म्हटलं असतंत, आणि माझा विश्वास बसला नसता."

"आन् आता?"

"आता वही पाहिली."

"वही नसती तर?"

मी पर्स उघडली.

माझ्या पर्समध्ये कोरी कार्डं नेहमी असतात. मी तिथेच बसून लिहिलं: 'डाव सोडला. कारण: माझ्याकडून नियमभंग.' आणि पत्त्याच्या जागी, ज्या घरात बसले होते त्या घराचा पत्ता घातला. सुनेला राहवलं नाही. ती दारातून म्हणाली, "आता ते तरी हातात द्या. हितं तर बसल्यात."

"हातात चालत न्हाई," गार्डसाहेब म्हणाले. "शिक्का पायजे."

ते मला स्टेशनपर्यंत सोडायला आले आणि कार्ड मी तिथल्या टपालपेटीत टाकलं. दोन गल्ल्या पलीकडे पोचायला त्याला तीन दिवस लागले, हे मला नंतर कळलं. पुस्तक त्यांनी मला परत देऊ केलं. मी म्हटलं, राहू द्या, मला त्यातलं आधी करून बघायचं आहे, वाचून झालंय. ते हसले, त्या दिवशी पहिल्यांदाच.

त्यानंतर काही दिवस एकही कार्ड आलं नाही. मी टेबलावरचा पट आवरला, सोंगट्या पुसल्या, आणि चारशे पानी वही आणून रकाने आखले. शेवटच्या रकान्याला मीही 'का' हेच नाव दिलं, कारण दुसरं सुचलं नाही. मग एक कार्ड आलं. त्यावर चार आकडे होते. माझ्या हत्तीची चाल. खाली लिहिलं होतं: 'अकरा दिवस लागले. झकास हाय. मी पार मेलो असतो. तुमाला दिसली असती का?'

मी नुसतं 'हो' लिहिलं असतं तरी चाललं असतं. माझी त्या वेळची वही नव्हती. ते दौंडहून कपाटं उघडून पाहायला येणार नव्हते, आणि आले असते तरी काही सापडलं नसतं. मी जे लिहीन ते ते खरं मानणार होते. म्हणूनच विचारत होते. आणि मला खरं उत्तर पक्कं माहीत होतं, कारण टॅब उघडायच्या आधीच माझी चाल ठरली होती: डाव्या बाजूचं प्यादं एक घर पुढे. त्यातून काहीच साधलं नसतं.

मी लिहिलं: 'नसती. मी प्यादं ढकलणार होते. आणि तुम्हालाही अकरा दिवस लागले, हे लक्षात असू द्या.'

पाकीट घ्यावं असं एकदा वाटलं होतं. पण आमची रीत कार्डाची आहे. कार्ड उघडंच असतं, त्यामुळे माझी चाल चुकणार होती हे आता शिरूरच्या पोस्टालाही माहीत आहे.